मसाल्याचे नाव, पाकिटावरचे वाक्य आणि ट्रेडमार्कचा अर्ज

मराठी माणूस खाण्याच्या पदार्थांचा व्यवसाय सुरू करतो, तेव्हा नावासाठी तो सहसा चार ठिकाणी शोध घेतो. एक आडनाव, दुसरे गाव, तिसरा देव आणि चौथे म्हणजे ‘घरगुती’, ‘अस्सल’, ‘पारंपरिक’ यांसारखे मालाची स्तुती करणारे शब्द. ग्राहकाचा विश्वास मिळवण्यासाठी ही चारही ठिकाणे उत्तम आहेत. मात्र तेच नाव उद्या दुसऱ्या कोणी उचलले, तर त्याला अडवण्याच्या दृष्टीने ती चारही निसरडी आहेत. माझ्या जाऊबाई आणि मी सांगलीत मसाले, भाजणी, मेतकूट, कोरड्या चटण्या आणि लोणची करून विकतो. ओळखीच्या घरांपुरता चाललेला हा उद्योग दुकानांत माल ठेवण्याइतका वाढला, तेव्हा नाव आणि त्याखालचे वाक्य या दोहोंची नोंदणी करून घ्यावी असे आम्ही ठरवले. त्या निमित्ताने जे वाचले, विचारले आणि पडताळून पाहिले, ते इथे लिहीत आहे. आमचे नाव मात्र मुद्दाम देत नाही, कारण त्यावर हरकत घेण्याची मुदत अजून संपलेली नाही आणि या लेखातून आमची जाहिरात व्हावी अशीही इच्छा नाही.

भारतात हा विषय ट्रेड मार्क्स अॅक्ट, १९९९ या कायद्याखाली येतो. कायदा १९९९ चा असला तरी तो प्रत्यक्षात १५ सप्टेंबर २००३ रोजी लागू झाला आणि सध्याचे नियम मार्च २०१७ पासूनचे आहेत. नव्या व्यावसायिकाने या कायद्यातले एकच कलम वाचायचे ठरवले, तर त्याने कलम ९ वाचावे. कायद्याच्या भाषेत नाव, वाक्य, लोगो ही सगळी ‘चिन्हे’च; त्यांपैकी ज्या चिन्हाला स्वतःची वेगळी ओळख नाही, किंवा जे केवळ मालाचा प्रकार, दर्जा, उपयोग, प्रमाण, किंमत किंवा उगमस्थान सांगते, अशा चिन्हाची नोंदणी करता येत नाही, असे हे कलम सांगते. आम्ही वकिलांपुढे ठेवलेल्या पहिल्या यादीत ‘घरगुती’, ‘गावरान’, ‘सात्त्विक’, ‘खमंग’ असे शब्द घालून तयार केलेली बरीच नावे होती. वकिलांनी ती यादी वाचली आणि शांतपणे विचारले, “ताई, ही नावे आहेत की पाकिटामागची माहिती?” खमंग भाजणी विकणाऱ्या प्रत्येकाला आपली भाजणी खमंग आहे असे म्हणण्याचा हक्क हवा, म्हणून कायदा तो शब्द एकाच्या मालकीचा होऊ देत नाही, हे त्यामागचे साधे तत्त्व आहे आणि मला ते न्याय्य वाटते.

नाव जितके मालाचे वर्णन करते, तितके ते कमी आपले राहते, हा या सगळ्या अभ्यासाचा गाभा आहे. आणि हा नियम मोठ्या कंपन्यांनाही लागू होतो. ‘शादी डॉट कॉम’ हे संकेतस्थळ चालवणाऱ्या कंपनीने ‘सेकंड शादी’ या नावाच्या संकेतस्थळाविरुद्ध मनाई मागितली होती. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ती दिली नाही. लग्न जुळवण्याच्या सेवेला ‘शादी’ हा शब्द सरळ वर्णनात्मक आहे आणि तो कोणा एकाला राखून ठेवता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. मॅरिको या कंपनीचा खाद्यतेलाबाबतचा अनुभवही असाच आहे. तेल कमी शोषले जाते हे सांगणारा ‘लो-सॉर्ब’ हा शब्द त्यांनी नोंदवलेला होता, तरीही दुसऱ्या कंपनीला ‘लो अॅब्सॉर्ब टेक्नॉलॉजी’ असे लिहिण्यापासून रोखावे ही मागणी दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० मध्ये अमान्य केली. म्हणजे वर्णनात्मक शब्दाची नोंदणी कशीबशी मिळवली, तरी वेळ आल्यावर ती उपयोगी पडेलच असे नाही.

यावर कोणी लिज्जतचे उदाहरण देईल, आणि ते द्यायलाच हवे. १९५९ मध्ये गिरगावात सात महिलांनी पापड लाटायला सुरुवात केली आणि त्या पापडाला ‘लिज्जत’ हे नाव १९६२ मध्ये स्पर्धा घेऊन निवडले गेले. गुजरातीत हा शब्द चवीशीच जोडलेला आहे. तरीही आज तो शब्द उच्चारला की एकच पापड आठवतो. कायद्यानेही याची सोय ठेवली आहे. अर्जाच्या तारखेपूर्वी दीर्घ आणि व्यापक वापरामुळे एखाद्या वर्णनात्मक शब्दाला वेगळी ओळख मिळाली असेल, तर केवळ वर्णनात्मक म्हणून तो नाकारता येत नाही. मात्र ही ओळख सिद्ध करण्यासाठी वर्षानुवर्षांची विक्री, जाहिरातींचा खर्च आणि ग्राहकांची साक्ष पुढे ठेवावी लागते. गेल्या दिवाळीत सुरू झालेल्या व्यवसायाने या सवलतीवर भिस्त ठेवू नये.

आडनावाची गोष्ट थोडी वेगळी आहे. १९५८ च्या जुन्या कायद्यात आडनावाची नोंदणी मिळणे अवघड होते. सध्याच्या कायद्यात आडनावावर तशी स्वतंत्र बंदी नाही, आणि बेडेकर किंवा चितळे ही नावे आडनाव असूनही किती ठसठशीत होऊ शकतात हे आपण रोज पाहतो. परंतु कलम ३५ नुसार दुसऱ्या माणसाने स्वतःचे नाव प्रामाणिकपणे वापरले, तर नोंदणीधारकाला त्यात हस्तक्षेप करता येत नाही. ‘प्रामाणिकपणे’ या शब्दाचा अर्थ काय, यावर मग वर्षानुवर्षे दावे चालतात. आमचे आडनाव सांगली जिल्ह्यात दर दोन गल्ल्यांना एक सापडेल असे आहे. त्यामुळे सासरेबुवांची इच्छा असूनही आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

गावाच्या नावाचे दोन प्रश्न आहेत. कलम ९ मध्ये उगमस्थान आलेच आहे. शिवाय अनेक ठिकाणांच्या मालाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. सांगलीची हळद, सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीचे कोकम, कोल्हापुरी चप्पल ही त्यांपैकी आपल्या ओळखीची काही. असे मानांकन त्या प्रदेशातल्या उत्पादकांचे सामाईक असते, एका दुकानाचे नसते. आपण मानांकनाच्या नियमांत बसत असू, तर अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंद करून घेता येते आणि ती अवश्य करावी, पण तो आपला ब्रँड होऊ शकत नाही.

देवादिकांच्या आणि धर्मग्रंथांच्या नावांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये दिलेला एक निर्णय वाचण्यासारखा आहे. उदबत्तीसाठी ‘रामायण’ हे नाव एका व्यापाऱ्याला नोंदवून हवे होते. धर्मग्रंथाच्या नावावर मालासाठी कोणालाही मक्तेदारी सांगता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. देवीच्या नावाचा मसाला काढू नये असे यातून निघत नाही, पण तशी हजार नावे बाजारात असणार आणि त्यांतल्या कोणालाही आपण थांबवू शकणार नाही, एवढे धरून चालावे. महाराष्ट्रात आणखी एका गोष्टीचा विसर पडतो. बोधचिन्हे आणि नावे यांचा गैरवापर रोखणाऱ्या १९५० च्या कायद्याच्या अनुसूचीत महात्मा गांधी आणि पंडित नेहरू यांच्याबरोबर छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव आणि चित्र यांचा उल्लेख आहे. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी ते वापरता येत नाही आणि ट्रेडमार्क म्हणून नोंदवताही येत नाही. कितीतरी हॉटेलांच्या पाट्या पाहताना हे कोणाला सांगूनही खरे वाटत नाही.

मग उरते काय? मालाशी थेट संबंध नसलेला शब्द, किंवा घडवलेला शब्द. पेंढरकरांनी ‘विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी’ या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून ‘विको’ तयार केले, तसे काहीतरी. असे नाव पहिल्या दिवशी ग्राहकाला काहीच सांगत नाही, ते रुजायला वेळ लागतो आणि घरातली मंडळी नाके मुरडतात. आमच्याकडेही मुरडली. पण अशा नावाला मिळणारे संरक्षण सर्वांत पक्के असते. आम्ही शेवटी घराच्या जुन्या वापरातला, पण स्वयंपाकाशी काडीचाही संबंध नसलेला एक शब्द निवडला आणि ‘घरगुती’ वगैरे सगळी विशेषणे पाकिटाच्या मागच्या बाजूला, जिथे ती शोभतात, तिथे नेली.

नाव मनात ठरले की शोध घ्यायचा, तोही लेबल छापण्यापूर्वी. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर हा शोध कोणालाही विनामूल्य घेता येतो. तिथे शब्द जसाच्या तसा शोधता येतो आणि उच्चारसाधर्म्यानेही शोधता येतो. हा दुसरा प्रकार अधिक महत्त्वाचा आहे, कारण मराठी शब्द रोमन लिपीत लिहिताना ‘व’ साठी दोन अक्षरे संभवतात, दीर्घ स्वरासाठी कोणी एक अक्षर वापरतो तर कोणी दोन, आणि ‘श’, ‘ष’, ‘स’ यांचा तर मेळच नसतो. शिवाय ही नोंदवही साऱ्या देशाची आहे. महाराष्ट्रात कुठेही न दिसलेले नाव इंदूरच्या किंवा राजकोटच्या एखाद्या मसालेवाल्याने कधीच नोंदवलेले असू शकते. उच्चाराचे साम्य न्यायालय किती गांभीर्याने घेते याचे जुने उदाहरण ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या औषधांचे आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ही दोन नावे ग्राहकाचा गोंधळ उडवण्याइतकी जवळची ठरवली. साधारण स्मरणशक्तीचा, पूर्वी कधीतरी घेतलेले औषध पुन्हा मागणारा माणूस डोळ्यांपुढे ठेवून त्याचा विचार झाला. लक्ष्मणधारेचा वापर दीर्घकाळ उघडपणे चालू होता, म्हणून तिची नोंदणी केवळ उत्तर प्रदेशापुरती मान्य झाली, ही त्या निर्णयाची दुसरी बाजू. आमच्या धंद्यात तर नाव वाचण्यापेक्षा ऐकलेच अधिक जाते. दुकानात उभे राहून गिऱ्हाईक तोंडाने नाव घेते आणि दुकानदार त्याला ऐकू आलेले पाकीट काढून देतो.

इथे एका मोठ्या गैरसमजाबद्दल लिहिणे भाग आहे. शॉप अॅक्टची नोंद, उद्यम प्रमाणपत्र, अन्न सुरक्षा परवाना, जीएसटी क्रमांक किंवा अगदी कंपनी निबंधकाकडे झालेली कंपनीची नोंदणी, यांपैकी कशानेही नावाची मालकी मिळत नाही. उलट, नोंदणीकृत ट्रेडमार्कचा मालक कंपनी स्थापन झाल्यापासून तीन वर्षांच्या आत अर्ज करून मिळतेजुळते कंपनीचे नाव बदलायला लावू शकतो. आमच्या ओळखीच्या एका उद्योजिकेने ‘सगळी कागदपत्रे आहेत’ असे मोठ्या विश्वासाने सांगून जी फाइल दाखवली, तिच्यात ट्रेडमार्क सोडून सगळे होते.

उद्यम प्रमाणपत्राचा एक उपयोग मात्र खरा आहे. व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना अर्जाचे ऑनलाइन शुल्क दर चिन्हाला, दर वर्गाला ४,५०० रुपये आहे, तर इतरांना ते ९,००० रुपये पडते. आमच्यासारख्या भागीदारी संस्थेला सवलतीचा दर लघुउद्योग म्हणून मिळतो आणि त्यासाठी ते प्रमाणपत्र जोडावे लागते.

‘दर चिन्हाला, दर वर्गाला’ या शब्दांतच सगळा खर्च दडलेला आहे. वस्तू आणि सेवा यांचे एकूण ४५ वर्ग केलेले आहेत. पहिले ३४ वस्तूंचे आणि उरलेले सेवांचे. मसाले, पिठे, भाजणी, चटण्या तिसाव्या वर्गात येतात. लोणची मात्र एकोणतिसाव्यात. सरबत काढायचे ठरवले तर बत्तिसावा वर्ग, उपाहारगृह काढले तर त्रेचाळिसावा. सगळीकडेच अर्ज करून ठेवावा असा मोह होतो, पण त्याचा उपयोग नाही, कारण नोंदणीनंतर सलग पाच वर्षे चिन्ह वापरलेच नाही तर ते काढून टाकण्याची मागणी कोणीही संबंधित व्यक्ती करू शकते. शिवाय एका प्रकारच्या मालावर नाव नोंदवले म्हणजे ते सगळ्या प्रकारच्या मालावर आपले झाले असेही नाही. कर्नाटकच्या दूध महासंघाचे ‘नंदिनी’ दूध १९८५ पासूनचे आणि बंगळुरूच्या एका उपाहारगृहाचे ‘नंदिनी’ हे नाव १९८९ पासूनचे. महासंघाने उपाहारगृहाच्या नोंदणीला केलेला विरोध २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. दूध आणि दुधाचे पदार्थ वगळून उपाहारगृहाला ते नाव मिळाले. आम्ही दोनच वर्ग घेतले आणि त्यांचे अर्ज वेगवेगळे केले. एकाच अर्जात अनेक वर्ग घालता येतात, पण मग एका वर्गावर आलेली हरकत सगळा अर्ज अडवून धरते.

नुसता शब्द नोंदवावा की लोगोसकट लेबल, हा पुढचा प्रश्न. पैसे मोजके असतील तर शब्द आधी, असे माझे ठाम मत झाले आहे. शब्दचिन्हाला अक्षरांचे वळण, रंग, मांडणी यांचे बंधन नसते. उद्या लेबल बदलले तरी ते लागू राहते. लोगोची नोंदणी मात्र त्या चित्राशी बांधलेली असते. लेबलाचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही, आणि त्याचे सर्वांत चांगले उदाहरण पार्लेचे आहे. त्यांच्या ग्लुको बिस्किटांच्या जुन्या नोंदणीकृत आवरणावर शेतातले अंगण, पाण्याची बादली घेतलेली मुलगी आणि तिच्याभोवती गाई-कोंबड्या असे चित्र होते. म्हैसूरच्या एका उत्पादकाने त्याच आकाराच्या आणि रंगछटेच्या आवरणावर गवताचा भारा डोक्यावर घेतलेली मुलगी आणि तशाच गाई-कोंबड्या छापल्या. दोन आवरणे शेजारी ठेवून फरक मोजत बसू नये, एकंदर छाप सारखी वाटते का ते पाहावे, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये पार्लेच्या बाजूने निर्णय दिला. बादली आणि भारा यांतला फरक दुकानाच्या काउंटरवर कोणाच्याही लक्षात राहत नाही.

लोगो ज्याच्याकडून काढून घेतला, त्याच्याशी लेखी करार केला आहे का, हे आताच तपासावे. आपण पैसे दिले म्हणून चित्राचा कॉपीराइट आपोआप आपला होत नाही. बाहेरच्या कलाकाराकडून तो लेखी हस्तांतरित करून घ्यावा लागतो. त्या लेखात मुदत लिहिली नाही तर हस्तांतरण पाच वर्षांचेच मानले जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरतेच. आमचा लोगो करणाऱ्या तरुणाने बिलावर ‘लोगो डिझाइन’ एवढेच लिहिले होते. त्याला हे समजावून सांगितल्यावर त्याने आनंदाने दोन परिच्छेदांच्या करारावर सही केली आणि आपल्या बाकीच्या ग्राहकांसाठी त्याची एक प्रत मागून घेतली.

आता घोषवाक्य, म्हणजे ज्याला छापखान्यापासून जाहिरात संस्थेपर्यंत सगळे टॅगलाइन म्हणतात ते. याची नोंदणी होऊ शकते. ट्रेडमार्कच्या व्याख्येत शब्द आणि शब्दसमूह बसतात आणि घोषवाक्यासाठी वेगळी पायरी नाही, अर्जही तोच आणि शुल्कही तेच. अडचण आहे ती त्याच कलम ९ ची, आणि इथे ती नावापेक्षा अधिक जाचते, कारण घोषवाक्याचे कामच मुळी मालाची स्तुती करणे हे असते. ‘चवीला पर्याय नाही’, ‘शुद्धतेची हमी’, ‘आजीच्या हातची चव’ असली वाक्ये कोणाच्याही पाकिटावर शोभतात, आणि म्हणूनच ती कोणा एकाची होत नाहीत. कॉपीराइटचाही आधार इथे फारसा नाही. ‘ये दिल मांगे मोर’ या वाक्यावरून पेप्सीने कोका-कोलाविरुद्ध केलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ मध्ये, अशी घोषवाक्ये सकृद्दर्शनी कॉपीराइटच्या संरक्षणात येत नाहीत, असेच मत दिले होते. चार-पाच शब्दांच्या वाक्याला साहित्यकृती म्हणण्यास न्यायालये सहसा राजी नसतात.

मग घोषवाक्य टिकते कसे? त्यात काहीतरी अनपेक्षित असावे लागते. शब्दांचा खेळ, थोडा विनोद, किंवा ऐकणाऱ्याला क्षणभर थांबून अर्थ लावावा लागेल अशी रचना. त्याच्या जोडीला त्याचा वापर एकसारखा असावा लागतो. दर सणाला नवे वाक्य छापणाऱ्याचे एकही वाक्य त्याचे होत नाही. वाक्यातच आपले नाव गुंफले तर नोंदणीची शक्यता वाढते, पण तेव्हा वेगळेपण नावाने दिलेले असते, आणि संपूर्ण चिन्हाची नोंदणी झाली म्हणून त्यातल्या सामान्य शब्दांवर स्वतंत्र हक्क मिळत नाही, असे कलम १७ स्पष्ट सांगते. जाऊबाईंना सुचलेले वाक्य मला फार आवडले होते, आणि अजूनही आवडते, पण त्यात ‘चव’ आणि ‘माहेर’ हे दोन्ही शब्द होते. ते आम्ही पाकिटावर ठेवले आणि नोंदणीच्या यादीतून काढले. नोंदणीसाठी वेगळे वाक्य तयार केले, तेही लगेच अर्जात न घालता काही काळ वापरून पाहायचे ठरवले. नावाचा अर्ज थांबवू नये, घोषवाक्याचा थांबला तरी चालतो, असे मला वाटते.

वापर हा शब्द आलाच आहे, तर त्याच्यावर थोडे थांबते. अर्जात एक रकाना असतो. चिन्ह आधीपासून वापरात आहे, की पुढे वापरायचा विचार आहे? आधीपासून असेल तर पहिल्या वापराची तारीख आणि ती सिद्ध करणारी कागदपत्रे प्रतिज्ञापत्रासह द्यावी लागतात. हा रकाना एजंट घाईत ‘पुढे वापरायचा आहे’ असा भरून टाकतात, कारण त्यांचे काम वाचते. असे होऊ देऊ नये. आपल्या कायद्यात आधीच्या वापराला मोठे वजन आहे. तिरुनेलवेलीच्या प्रसिद्ध ‘इरुट्टुकडै’ हलव्यावरून झालेल्या वादात दोन्ही पक्षांकडे नोंदणी होती. ज्याचा वापर आधीचा त्याचा हक्क नोंदणीपेक्षाही वरचढ, असे सर्वोच्च न्यायालयाने तिथे मान्य केले. म्हणून पहिल्या दिवसापासूनचे कागद जपावेत आणि त्या कागदांवर नाव असेल याची काळजी घ्यावी. प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती व्यक्तीच्या नावाने फाडली जाते, तिच्यावर कंसात ब्रँड लिहून घ्यावा. छापखान्याच्या बिलावर ‘लेबल छपाई’ एवढेच न लिहिता कोणते लेबल ते लिहून घ्यावे. दुकानदाराला दिलेल्या चलनावर मालाच्या आधी नाव यावे. तारीख असलेले फोटो आणि समाजमाध्यमांवरच्या जुन्या नोंदीही ठेवाव्यात, पण वकील आधी बिलेच मागतात.

अर्ज गेल्यावरची वाट सरळ आहे, मात्र तिच्यावर लक्ष ठेवावे लागते. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचे अर्ज मुंबईच्या कार्यालयाकडे जातात, जे अँटॉप हिल येथे आहे. आता सगळा व्यवहार ऑनलाइन असल्याने तिथे जावे लागत नाही. काही महिन्यांनी परीक्षण अहवाल येतो. अहवालात कलम ९ किंवा कलम ११ खालच्या हरकती असतात. कलम ११ म्हणजे आधीच्या मिळत्याजुळत्या चिन्हांची हरकत, आणि त्यासोबत त्या चिन्हांचा तक्ता जोडलेला असतो. आमच्या अहवालात दुसऱ्या राज्यातले, उच्चाराने आमच्या नावाच्या अर्ध्या भागाशी जुळणारे एक नाव होते. हा तक्ता पाहून घाबरणारे अनेक आहेत, पण हरकत म्हणजे नकार नव्हे. तिला अहवाल मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत लेखी उत्तर द्यायचे असते. ते दिले नाही तर अर्ज सोडून दिल्याचे मानले जाऊ शकते. खरा धोका असा की अहवाल ईमेलने येतो आणि अर्जात बहुधा एजंटाचा ईमेल असतो. अर्ज क्रमांक स्वतःजवळ ठेवून संकेतस्थळावर स्थिती अधूनमधून आपणच पाहावी.

हरकत दूर झाली की चिन्ह ट्रेडमार्क जर्नलमध्ये प्रसिद्ध होते. जर्नल दर सोमवारी निघते. त्या तारखेपासून चार महिन्यांत कोणीही विरोध नोंदवू शकतो. विरोध झाला नाही तर प्रमाणपत्र मिळते आणि नोंदणी अर्जाच्या तारखेपासूनची मानली जाते. तिची मुदत दहा वर्षांची असते आणि दर दहा वर्षांनी नूतनीकरण करत ती कितीही काळ चालू ठेवता येते. प्रमाणपत्र हाती येईपर्यंत नावापुढे ‘टीएम’ लिहायला हरकत नाही. गोलातले ‘आर’ मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावणे दंडनीय आहे, आणि बाजारातली कितीतरी पाकिटे ते बिनदिक्कत मिरवतात. छापखान्यातल्या तयार नमुन्यात ते आधीच बसवलेले असते, म्हणून लेबलाचे प्रूफ तपासताना त्याकडे आवर्जून पाहावे.

अर्ज कोणाच्या नावावर करायचा, हा प्रश्न आमच्याकडे सर्वांत शेवटी आला, आणि सर्वांत जास्त चर्चा त्यावरच झाली. जाऊबाईंचे म्हणणे होते की कागदपत्रांचे जी पाहते तिच्याच नावावर करावा. पण नाव एका व्यक्तीच्या मालकीचे आणि व्यवसाय दोघींचा, अशी स्थिती आज गोड असली तरी ती मुलांच्या पिढीपर्यंत गोड राहते असे नाही. पुण्या-मुंबईच्या जुन्या दुकानांच्या पाट्यांखाली ‘आमची कोठेही शाखा नाही’ हे वाक्य उगीच लिहिलेले नसते. आम्ही आधी भागीदारी करार केला आणि मग दोघींची नावे भागीदार म्हणून घालून संस्थेच्या वतीने अर्ज भरला. करारात नावाबद्दल एक स्वतंत्र कलम घातले. कोणी बाहेर पडली तर नाव संस्थेकडे राहील, बाहेर पडणारीला त्याचे मूल्य ठरवून द्यावे, आणि तिने ते नाव किंवा त्याच्याशी जुळणारे दुसरे नाव खाण्याच्या मालावर वापरू नये. मूल्य कसे ठरवायचे यावर सीएंनी सुचवलेले सूत्र जाऊबाईंना पटलेले नाही, त्यामुळे ती ओळ अजून पेन्सिलीने लिहिलेली आहे.